बँडचा मास्तर झालो, पण बँड माझ्याकडे बघत नाही

अमळनेरकर
रामराम मंडळी. वडिलांचे गुडघे गेले, म्हणून या लग्नसराईपासून बँडचा मास्तर मी. ट्रम्पेट वाजवतो. क्लॅरिनेटवाले काका आजोबांच्या वेळेपासून आहेत. मी गाणं बदलायला हात वर केला की ते डोळे मिटून अंतरा आणखी लांबवतात, आणि ढोलवाला त्यांच्याच मागे जातो. परवा धरणगावला नवरदेव घोड्यावरून उतरला, तरी आमचं चालूच! रात्री मोबाइलवर जॅझ ऐकतो. तिथे जो तो आपल्या मनाचं वाजवतो, तरी बँड एकाच्या नावानं ओळखला जातो. तो माणूस नेमकं करतो काय? सगळ्यांत भारी वाजवतो का?

भुसावळचा रेल्वेवाला
नाही बेटा. जॅझ बँडचा मास्तर काउंट बेसी पियानोवर दोन-चार सूर टाकून गप्प बसायचा. त्याचा गिटारवाला फ्रेडी ग्रीन १९३७ साली आला. सोलो, म्हणजे एकट्यानं पुढे येऊन वाजवणं, जवळपास कधी घेतला नाही, नुसता चारही मात्रांवर ठोका. सगळा बँड त्यावर चालायचा.

पण तुझ्या कामाचा माणूस ड्यूक एलिंग्टन. तो नुसता ट्रम्पेटसाठी लिहीत नसे, त्याच्या ट्रम्पेटवाल्या कूटी विल्यम्ससाठी लिहायचा. कूटी ट्रम्पेटच्या तोंडाशी रबरी वाटी उघडझाक करून गुरगुरल्यासारखा आवाज काढायचा. १९४० साली एलिंग्टननं ‘कॉन्सर्टो फॉर कूटी’ बांधलं ते त्याच्याच हाताच्या मापानं. त्याच वर्षी कूटी दुसऱ्या बँडात गेला, आणि १९६२ ला परत आला. हॅरी कार्नी, बॅरिटोन सॅक्सोफोनवाला, तर १९२७ पासून १९७४ ला एलिंग्टन वारला तोवर हललाच नाही.

काकांना लांबवायचंय ना? मग मांडवाच्या दारात तूच लांबवायला दे. भर रस्त्यात नको.

चोपड्याचा ढोलवाला
भाऊ, हे बसून ऐकणाऱ्यांचं झालं. वरातीत डोळ्यांवर लाइटच्या छत्र्या, पुढे नाचणारी पोरं. तुझा हात दिसतो कोणाला? आम्ही कानावर चालतो. आधी ढोलवाल्याशी ठरव. ठोका बदलला की काका झक मारत येतात. आणि हिशेब वरात संपल्याबरोबर कर. आमच्या एका जुन्या मास्तरानं मजुरी दिवाळीपर्यंत ताटकळवली, मग त्याचं कोण ऐकणार?

भुसावळचा रेल्वेवाला
ढोलवाल्याचं सोळा आणे खरं. जॅझचाच आर्ट ब्लेकी ड्रमवरच बसून बँड चालवायचा. त्याचा रोल, म्हणजे ड्रमवरचा सलग कडकडाट, चढत आला की सोलोवाल्याला कळायचं, आवरा. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, पुढे विन्टन मार्सालिस, सगळे त्याच्या हाताखालून गेले आणि स्वतःच्या नावानं वाजवू लागले. तेही सांभाळून ठेव, तुझ्याकडचीही पोरं जातील.

अमळनेरकर
ढोलवाल्याशी बोललो. अंतऱ्याच्या शेवटी तो दोन तुटक ठोके देणार. काकांना दाराचं सांगितलं, तर म्हणे, “किती वेळ?” म्हटलं, नवरी येईपर्यंत. त्यावर, “मंग पोरींना सांग, घाई करू नका.”
उद्या पारोळ्याची सुपारी आहे. ती रबरी वाटी कुठे मिळते?

भुसावळचा रेल्वेवाला
हार्डवेअरच्या दुकानात. तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी पंप माग, दांडा काढून टाक. नवाच घे रे बाबा.