कैलची २ केबीची मर्यादा भरली, ८०५१ साठी परवडणारा कंपायलर कोणता?

विहीरवाला, तासगाव
नमस्कार मंडळी. विहिरीवरच्या मोटरसाठी एटी८९एस५२ या ८०५१ जातीच्या चिपवर ऑटो स्टार्टर करतोय. थ्री फेज आमच्याकडे रात्रीचीच. लाईट आली की जरा थांबून तिन्ही फेज बघायचे, मग स्टार्टर ओढायचा, पाणी तुटलं की बंद. एवढं झकास चाललं. पुढं एलसीडी जोडला, मेसेज टाकले आणि कैल या कंपायलरच्या (सी कोडचा चिपला चालेल असा कोड करणारा प्रोग्राम) फुकटच्या आवृत्तीनं एल२५० एरर दिली. लिमिट ०८००एच, म्हणजे २०४८ बाइट. चिपमध्ये ८ केबी जागा आहे हो! पूर्ण लायसन्स घ्यायचं तर द्राक्षाच्या फवारणीचे पैसे तिकडं जायचे. एक दुकानदार क्रॅक (लायसन्स फोडलेली कॉपी) देतो म्हणतोय. घेऊ का?

सोल्डर_दादा
त्या म्हाताऱ्या चिपच्या नादी कशाला लागताय? अर्डुइनो नॅनो घ्या, सगळं फुकट.

विहीरवाला
पीसीबी (सर्किट बोर्ड) एच करून पॅनेलमध्ये बसलाय दादा. चिप तीच ठेवायची.

जुनं_खोड, भोसरी
क्रॅकला हात लावू नका, त्याच कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार करत असाल. एसडीसीसी हा कंपायलर उतरवून घ्या. फुकट आहे, कोड साइझची अट नाही, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतो. दिसायला रुक्ष, सगळं कमांडवर, पण आमच्या कंट्रोल पॅनेलच्या धंद्यात मी तोच वापरला.

कैलचा कोड जसाच्या तसा घेणार नाही. 'इंटरप्ट', 'कोड', 'एक्सडेटा' या शब्दांआधी दोन अंडरस्कोअर लावा, इंटरप्टचा नंबर कंसात घाला. 'एसबिट'च्या (पिनांना नावं देणाऱ्या) ओळी नव्यानं लिहाव्या लागतील. एकाच वेळी एकच सी फाइल कंपाइल होते. आधी बाकीच्या सी फाइलींच्या रेल फाइल (कंपाइल झालेले तुकडे) करून घ्या आणि ते जोडताना, म्हणजे लिंक करताना, मेन फंक्शन असलेली फाइल पहिली द्या. शेवटी आयएचएक्स फाइल मिळते, ती सोबतच्या पॅकआयएचएक्स टूलनं हेक्स फाइल करायची. प्रोग्रामर आहे तोच चालेल.

खरी मेख पुढं आहे. टायमरचा इंटरप्ट (वेळ भरली की आपोआप चालणारं फंक्शन) वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर त्याचा प्रोटोटाइप (फंक्शनच्या घोषणेची ओळ) मेनच्या फाइलमध्ये दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर कंपायलर हूं की चूं करत नाही, पण व्हेक्टर टेबलात (इंटरप्ट आला की कुठं जायचं ती यादी) त्याची उडी पडत नाही. मग बसा वायरिंग तपासत.

आणि फॉर लूप फिरवून केलेले डिले बदलतील. एलसीडीला क्लिअर कमांडनंतर दीड मिलिसेकंदाहून जास्त उसंत लागते. डिले आखडला की पडद्यावर कचरा. स्टार्टरचा वेळ तर टायमरवरच घ्या.

विहीरवाला
झालं काका! मेम फाइलमध्ये (जागेचा हिशेब) ३ केबीच्या आसपास दाखवतंय. टायमर आधी मुका होता, प्रोटोटाइप घातल्यावर बोलायला लागला. आता शेजारचे दोघं मागतायत. विकले तर कायद्याची भानगड नाही ना?

जुनं_खोड, भोसरी
नाही. कंपायलर जीपीएल (सोर्स उघडा ठेवायला लावणारं लायसन्स) असला तरी त्याच्या लायब्ररीला लिंकिंगची सवलत आहे, तुमचा सोर्स कुणाला दाखवावा लागत नाही. पण दुसऱ्याच्या विहिरीवर बसवायच्या आधी वॉचडॉग (चिप अडकली तर तिला रिसेट करणारा टायमर) चालू करा. एस५२ मध्ये तो आहे. त्याच्या रजिस्टरला आधी १ई, मग ई१ (दोन्ही हेक्समध्ये) लिहायचं आणि मेनच्या लूपमध्ये तेच करत राहायचं. कॉन्टॅक्टर ओढताना चिप हँग झाली, तर रात्री दोनला शेजारी तुमचंच दार वाजवणार.