बी विंगची पल्सर आणि फुटलेली दुधाची पिशवी

जोशी काकू ए-१०२ (रवि. सकाळी ७.४२): सगळ्यांना नमस्कार 🙏 आज सव्वासातला मी दूध घेऊन गेटमधून आत येत होते, बी विंगच्या रॅम्पवरून काळी पल्सर आली, मी अगदी कडेला होते तरी वळताना सरळ माझ्या अंगावर. मी तीनदा ओरडले अरे थांब थांब, वॉचमननी शिट्टी मारली, त्या मुलानी मानसुद्धा वळवली नाही. हँडल पिशवीला लागून गेलं, सगळं दूध रॅम्पवर. कानात ती इअरबडची पांढरी बोंडं होती आणि हेल्मेट कोपरात अडकवलेलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहाच महिने झालेत हे बऱ्याच जणांना माहीत आहे. नाव घेत नाही.

शिंदे वहिनी ए-३०१: बापरे काकू लागलं नाही ना कुठे?? वर येऊ का

पाटील बी-५०३: काळी पल्सर बी विंगमध्ये एकच आहे, त्यामुळे नाव न घेता घेतलंच आहे तुम्ही. मुलगा सकाळी ड्यूटीला गेला, आल्यावर विचारतो. पण आधी त्याला विचारायचं, मग ग्रुपवर टाकायचं, एवढी साधी पद्धत आपल्यात होती.

जोशी काकू ए-१०२: विचारायला तो थांबला असता तर विचारलं असतं.

आपटे काका सी-२०१: मागच्या सर्वसाधारण सभेत गेटच्या आत स्पीडब्रेकर बसवायचा ठराव एकमताने पास झाला होता. त्याचं काय झालं?

सेक्रेटरी देशमुख: काकू काळजी घ्या, सीसीटीव्ही बघून घेतो. सर्वांना विनंती, पर्सनल होऊ नका.

गोखले ए-२०४: पर्सनल नाही, हा रोजचा प्रकार आहे. लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हटलं तरी कुणाला ऐकू येत नाही. आणि त्यात भाडेकरू मुलं, रात्री दोनला येतात, कानात वायरी, फोनवर मोठमोठ्याने बोलतात.

मोरे सी-१०४: गोखले सर, रात्री दोनला येणारा भाडेकरू मीच आहे. फूड डिलिव्हरी करतो. एका कानात बड असतो कारण रस्ता सांगणारी बाई त्यात बोलते, मोबाईल हँडलला लावला तर पावसात भिजतो आणि सारखं खाली बघितलं तर पुढच्याच्या डिकीवर जाऊन आदळतो. मी तर सातला झोपलेलो होतो.

गोखले ए-२०४: तुम्हाला उद्देशून नव्हतं.

मोरे सी-१०४: भाडेकरू म्हणलात ना. सी विंगला आम्ही दोघंच आहोत.

शिंदे वहिनी ए-३०१: अहो दुधाचा विषय आहे, कुठे चाललात 😅

जाधव सी-३०३: मी बोलतो, कारण मीपण गाणी ऐकतो. बुलेटवर. माझ्या हेल्मेटमध्ये आतून स्पीकर बसवलेत, कान उघडेच राहतात, आवाज हळू ठेवला की हॉर्न व्यवस्थित ऐकू येतो. लांबच्या राईडला गाणी असली की झोप येत नाही. सगळ्यांना एका मापात मोजू नका.

गोखले ए-२०४: तुमच्या सायलेन्सरपुढे तुम्हाला कुणाचाच हॉर्न ऐकू येत नसणार.

जाधव सी-३०३: सायलेन्सर कंपनीचा आहे सर. बिल दाखवू का.

आपटे काका सी-२०१: सायलेन्सर बाजूला ठेवा. स्पीडब्रेकरचा ठराव पास झाला होता. त्याचं काय झालं?

पाटील बी-५०३: आता मी एक सरळ प्रश्न विचारतो. कर्णबधिर माणसाला आपल्याकडे गाडीचं लायसन्स मिळतं. २०११ मध्ये दिल्ली हायकोर्टानीच तसं सांगितलंय. म्हणजे ऐकू न येता गाडी चालवता येते हे कोर्टाला मान्य आहे. मग माझ्या मुलाच्या कानात काय आहे त्यावरून एवढा गदारोळ का?

डॉ. साने ए-४०४: पाटील साहेब, प्रश्न योग्य आहे म्हणून सविस्तर उत्तर देते, मी रोज कानच तपासते. ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही तो माणूस डोळ्यांनी ऐकायला शिकलेला असतो. माझ्याकडे येणारे असे दोन-तीन जण आहेत, गाडीवर बसले की दर दोन सेकंदांनी आरशात बघतात, चौकात पूर्ण मान वळवतात, गेटमधून निघताना थांबतातच. तुमच्याआमच्यासारख्याला ती सवय नसते. आपण मागे काय आलंय ते कानांनी ओळखतो आणि मगच आरसा बघतो. कान बंद केला तरी मेंदूला वाटत राहतं की आवाज नाही म्हणजे मागे कोणी नाही.

डॉ. साने ए-४०४: आणि मोरे, तुम्हाला एक सांगते, राग मानू नका. एका कानात बड म्हणजे अर्धा धोका असं नसतं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे आपल्याला दोन कानांतल्या अगदी बारीकशा फरकावरून कळतं, आधी कुठल्या कानाला पोचला, कुठे मोठा लागला. एक कान बुजला की हॉर्न ऐकू येतो पण कुठून ते कळत नाही, आणि माणूस नेमका चुकीच्या बाजूला बघतो.

मोरे सी-१०४: हे खरं आहे मॅडम. राजाराम पुलाच्या तिथे एकदा असंच झालंय, बस डावीकडून होती आणि मी उजवीकडे दाबली गाडी. ते जाधवांसारखे हेल्मेटचे स्पीकर कितीला पडतात?

जाधव सी-३०३: संध्याकाळी खाली भेट, माझा जुना सेट पडलाय, लावून देतो.

कुलकर्णी बी-१०१ (लिऑन): नमस्कार मंडळी, इकडे आत्ता पहाट झालीय. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून गाडी चालवताना कानात काही घालायला बंदी आहे, सायकलवाल्यालासुद्धा. दंड १३५ युरो आणि लायसन्सचे ३ पॉइंट जातात. पण हेल्मेटच्या आत बसवलेला स्पीकर चालतो. म्हणजे जाधव सुटले आणि पल्सर अडकली 😄

पाटील बी-५०३: कुलकर्णी, तुम्ही फ्रान्सचे कायदे सांगण्याआधी बी-१०१ चा आठ महिन्यांचा मेंटेनन्स भरा.

कुलकर्णी बी-१०१ (लिऑन): हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी देशमुख: 🙏🙏 मेंटेनन्स हा वेगळा विषय आहे. कृपया.

ॲड. भोसले बी-२०२: आपल्याकडचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १००० ते ५००० दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. हातात धरून मोबाईल वापरणं त्यात स्पष्ट लिहिलंय. हेडफोन असा शब्द त्या कलमात नाही, म्हणून बड घातले की सुटलो असं कुणी समजू नये, चालवण्यामुळे लोकांना धोका झाला की ते त्यात बसतं. आणि हेल्मेट कोपरात असेल तर १००० रुपये वेगळे आणि ३ महिने लायसन्स बंद. कोपराला हेल्मेटची गरज नाही.

शिंदे वहिनी ए-३०१: मला ते उत्तर प्रदेशातलं कुशीनगरचं आठवतं. २०१८, एप्रिल महिना. शाळेची व्हॅन फाटक नसलेल्या रुळावर गेली, १३ मुलं गेली, ड्रायव्हरच्या कानात इअरफोन होते असं तेव्हा सगळीकडे आलं होतं. माझी मोठी तेव्हा व्हॅननेच जायची. दुसऱ्या दिवशी मी व्हॅनवाल्या दादांसमोर उभी राहून त्यांचे कान बघितले होते, त्यांना फार वाईट वाटलं, पण मी बघितलेच.

जोशी काकू ए-१०२: मला कुणाला दंड नको आहे हो. मला फक्त सकाळी दूध आणायला जाता आलं पाहिजे. आज रॅम्पवर भिंत धरून उभी राहिले तेव्हा पाय इतके थरथरत होते की वॉचमनच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसले. त्यांनी बादलीभर पाणी टाकून रॅम्प धुतला, नाहीतर कोणीतरी घसरलं असतं.

आपटे काका सी-२०१: म्हणूनच विचारतोय. ठराव पास झाला होता. गेटच्या आत, बी विंगच्या रॅम्पच्या तोंडाशी. त्याचं काय झालं? दोन वेळा विचारलं.

गोखले ए-२०४: तीन.

डॉ. साने ए-४०४: तरुण मुलांसाठी एक राहिलं. हायवेला सत्तर-ऐंशीला हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचाच आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास जातो, शंभरच्या स्पीडला आणखी वर. त्यावर गाणं ऐकू यायचं तर व्हॉल्यूम त्याच्याही वर न्यावा लागतो. ८५ डेसिबल ८ तास चालतं असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० ला १५ मिनिटं. नवले पुलापासून खंबाटकी घाटापर्यंत जाईस्तोवर ते कधीच संपतं. राईड संपल्यावर कानात शिट्टी वाजते ना, ती मजा नव्हे.

जाधव सी-३०३: वाजते 😐

पाटील बी-५०३ (दुपारी ३.२०): मुलगा आलाय. तोच लिहितोय, मी फोन दिलाय.

पाटील बी-५०३: काकू मी लिहितोय. आधी सॉरी. मी खरंच तुम्हाला बघितलं नाही आणि ऐकलंही नाही, एकदापण नाही. बाबांना वाटतंय मी गाण्यात होतो. गाणं लागलंच नव्हतं काकू. नाईटनंतर लगेच जनरल शिफ्ट होती, चार तास झोप झालेली, सिंहगड रोडला सकाळीसुद्धा एवढे हॉर्न असतात की डोकं उठतं म्हणून मी घरातूनच बड घालून निघतो आणि ते आवाज बंद करायचं बटण चालू ठेवतो. बाहेरचा घोंगाट एकदम कमी होतो, बरं वाटतं. गाणं लावायचं पण विसरतो बऱ्याचदा. वळल्यावर हँडलला काहीतरी लागल्याचं जाणवलं, मला वाटलं कुंडी असेल.

डॉ. साने ए-४०४: बाळा, ते बटण इंजिनाची घरघर, ट्रकचा धडधडाट असे एकसारखे खालच्या पट्टीतले आवाजच सगळ्यात जास्त कापतं. मागून ट्रक येतोय हे तुला ज्यावरून कळलं असतं नेमकं तेच. विमानात बसून घालायची वस्तू आहे ती. आणि चार तास झोपेवर गाडी नको, बसने जा.

पाटील बी-५०३: हो मॅडम. गाडीवर बड बंद, ते बॅगेत टाकलेत. काकू मी येऊ का घरी?

जोशी काकू ए-१०२: ये की. पण आधी झोप काढ. चेहरा बघितला होता मी तुझा, डोळे लाल होते. पाचनंतर ये. आणि बाबांना म्हणावं, ग्रुपवर आधी टाकायला नको होतं, ते माझं चुकलं.

पाटील बी-५०३: बाबा आहे. काकू, तुमचं काही चुकलं नाही. दूध मी आणून देतो आत्ता.

सेक्रेटरी देशमुख: आपटे काका, रबरी स्पीडब्रेकरची ऑर्डर मार्चमध्येच दिली होती, माल येऊन पंप रूममध्ये पडलाय, बसवणारा माणूस येत नाहीये. ड्रिल मशीन कोणाकडे आहे का?

मोरे सी-१०४: माझ्याकडे आहे. साडेपाचला खाली येतो.

आपटे काका सी-२०१: रॅम्पच्या तोंडाशी बसवा. पाच फूट पुढे नको. मी उभा राहतो.