बाबांचं रक्तातलं सोडियम कमी, १२४ आलंय, मीठ द्यायचं की नाही? तातडीने मदत हवी आहे

शमी: बाबा हार्ट फेल्युअरचे पेशंट. डॉक्टर म्हणाले मीठ वाढवू नका, पाणी कमी करा. आत्या म्हणते अंगातलं मीठच गेलंय, मीठ-साखरेचं पाणी पाज. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये. कुणाचं ऐकू? प्लीज लवकर सांगा.

वाटसरू: वय? पायांवर सूज? गोळ्या कुठल्या चालू आहेत?

कोकणकडा: आमच्या आईचं ११८ झालं होतं. सलाईन लावलं, दोन दिवसांत उठून बसली. सलाईनच लावा.

निशिगंध: मी फिजिशियन आहे. कोकणकडा, आईंना जुलाब-उलट्या होत्या का?

कोकणकडा: जुलाब होते. पण सोडियम ते सोडियमच ना? अनुभवाचं सांगतोय.

निशिगंध: नाही. जुलाबात मीठ बाहेर जातं. इथे हृदयाचा जोर कमी पडतो, म्हणून मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. मीठ अंगात आहेच, जास्तीच्या पाण्यात पातळ झालंय. वरून मीठ दिलं की सूज आणि धाप वाढते. पाणी किती ते डॉक्टर ठरवतील, पण त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं.

शमी: वय ७३. घोटे इतके सुजलेत की चप्पल चढत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत: लॅसिक्स, अल्डॅक्टोन जुन्या. मागच्या आठवड्यात मेटोलाझोन वाढवली.

सुगरण: सैंधव द्या, नाहीतर लो सोडियम मीठ. आम्ही तेच वापरतो.

निशिगंध: सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, अल्डॅक्टोननेही पोटॅशियम वाढतं, म्हणून ती घेणाऱ्याला ते धोक्याचं. शमी, मेटोलाझोनने सोडियम उतरतं. पुढची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका.

वाटसरू: आमच्या काकांचं सोडियम टॉल्वाप्टनच्या गोळीने लगेच चढलं. ती आणा.

निशिगंध: ती हॉस्पिटलमध्येच सुरू करतात. २४ तासांत सोडियम ८-१० अंकांपेक्षा जास्त चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. शमी, बाबा नीट बोलतायत ना?



शमी: सकाळपासून पेंगतायत. मला आत्याच्या नावाने हाक मारली. रात्री झोप झाली नाही म्हणून असेल ना?

निशिगंध: तसं धरून चालू नका, सोडियम उतरल्यानेही अशी गुंगी येते. आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीत न्या. गोळ्यांची पिशवी आणि रिपोर्ट बरोबर घ्या.

वाटसरू: हो, टॉल्वाप्टनचं राहू द्या. आधी निघा.

शमी: शेजाऱ्यांची गाडी येतेय. वाटेत पाणी मागितलं तर?

निशिगंध: गुंगीत पाजू नका, ठसका लागेल. ओठ ओले करा फक्त.