मदत हवी आहे: एक रिपोर्ट लावला की बाकी काहीच उघडत नाही (पीएचपी)

कृष्णाकाठ
मंडळी अर्जंट आहे. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आहे, पीएचपी या भाषेत लिहिलेलं, ब्राउझरमधून चालतं, आधी दुसरा माणूस बघायचा आता माझ्याकडे आलंय. मार्चअखेरचा ठेवींवरच्या व्याजाचा रिपोर्ट लावला की दोन-अडीच मिनिटं घेतो, ते ठीक आहे, डेटाच तेवढा आहे. पण तोवर दुसरं एकही पान उघडत नाही, खातं क्लिक करा, पावती क्लिक करा, नुसतं गोल फिरत बसतं, आणि रिपोर्ट आला रे आला की अडकलेली सगळी पानं धडाधड उघडतात. रॅम दुप्पट करून झाली, काडीचा फरक नाही. मॅनेजर साहेब सारखे विचारतायत. काय करू?

जुनाखोड
व्हर्जन कुठलं, वेबसर्व्हर कुठला, डेटाबेस कुठला, यातलं काहीच लिहिलं नाहीये. जुनं सॉफ्टवेअर म्हणताय म्हणजे डेटाबेसची टेबलं मायआयसॅम असणार, म्हणजे आख्खं टेबल लॉक करणारी जुनी पद्धत. त्यात मोठा सिलेक्ट (डेटा वाचायची क्वेरी) चालू असताना एखादी पावती सेव्ह व्हायला आली की ती लॉकसाठी थांबते आणि तिच्यामागे बाकीचे साधे सिलेक्टही रांगेत लागतात. सगळी टेबलं इनोडीबी (ओळीपुरताच लॉक लावणारी पद्धत) करा, प्रश्न सुटला.

वेगवान_गडी
पीएचपी सोडा आता, नोडमध्ये (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) लिहून काढा. तिथे ब्लॉकिंग, म्हणजे एका कामामुळे दुसरं अडणं, हा प्रकारच नसतो.

सांजवेळ
@वेगवान_गडी असं सांगू नका हो. नोडमध्ये आपला कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम असा, चालतो. डेटाबेसची वाट बघताना तो मोकळा असतो हे खरं, पण हजारो खात्यांचं व्याज लूपमध्ये काढायला लागलात तर तेवढा वेळ एकट्यालाच नाही, सगळ्या संस्थेला थांबावं लागेल. वर्कर थ्रेड वगैरे करावे लागतात. आणि मार्चअखेरीला कोण चालू सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेतं?

कृष्णाकाठ
पीएचपी ७.४, वेबसर्व्हर एनजिनएक्स, पीएचपी चालवायला एफपीएम, डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. टेबलं इनोडीबीच आहेत. शो प्रोसेसलिस्ट (डेटाबेसमध्ये आत्ता काय चालू आहे ती यादी) बघितली, रिपोर्टची एक क्वेरी चालू, बाकी सगळे स्लीप, म्हणजे रिकामे.

इंडेक्सवाला
रिपोर्टच्या क्वेरीला एक्सप्लेन लावा (डेटाबेस ती कशी चालवतो ते दिसतं) आणि आउटपुट इथे टाका. खाते क्रमांक आणि तारीख असा जोड इंडेक्स (नोंदी पटकन सापडायची सूची) नसणार, पैजेवर सांगतो. तो टाकला की दोन मिनिटांचं काम काही सेकंदांत होईल.

कृष्णाकाठ
रिपोर्ट हळू आहे ही तक्रारच नाहीये माझी! तो चालू असताना बाकीची पानं का थांबतात ते सांगा.

जुनाखोड
पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय, सिक्युरिटी पॅचसुद्धा येत नाहीत. लोकांच्या ठेवींचा डेटा त्यावर ठेवणं बरोबर नाही, आधी ते अपग्रेड करा. दुसरं म्हणजे ६० सेकंदांत पीएचपीकडून उत्तर आलं नाही तर एनजिनएक्स डिफॉल्टने गेटवे टाइमआउटची एरर देतो, तुमचा रिपोर्ट अडीच मिनिटं चालतोच कसा? आणि पीएम मॅक्स चिल्ड्रन (एफपीएम एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर चालवतो) किती आहे? १-२ असेल तर रिपोर्टनेच सगळे वर्कर अडवले असतील.

कृष्णाकाठ
टाइमआउट आधीच्या माणसाने ३०० करून ठेवलाय. मॅक्स चिल्ड्रन २०. अपग्रेड एप्रिलमध्ये बघू, आत्ता नाही.

सांजवेळ
एक सांगा, रिपोर्ट चालू असताना काउंटरवरच्या बाकी लोकांचं पण अडकतं का?

कृष्णाकाठ
नाही, त्यांचं व्यवस्थित चालू असतं. जो रिपोर्ट लावतो त्याचंच अडकतं. म्हणून तर मॅनेजर म्हणतात मशीन खराब आहे. मशीन बदलून बघितलं, तेच.

सांजवेळ
मग हे शंभर टक्के सेशन लॉक आहे, रॅम आणि मशीनचा काही संबंध नाही.

पीएचपी सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची माहिती, डिफॉल्टने फाइलमध्ये ठेवतं. प्रत्येक लॉगिनची एक फाइल, ब्राउझरच्या कुकीत जो आयडी असतो त्याच नावाची. सेशन_स्टार्ट झालं की पीएचपी त्या फाइलला लॉक लावतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत सोडत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन तपासायला प्रत्येक पानाच्या वर सेशन_स्टार्ट असणार. रिपोर्टने लॉक धरला की त्याच लॉगिनची बाकी सगळी पानं आपापल्या पहिल्या ओळीलाच थांबतात. बाकी लोकांच्या सेशन फाइली वेगळ्या, म्हणून त्यांना काहीच होत नाही.

खात्री करायची तर एफपीएमच्या पूल फाइलमध्ये (त्याची सेटिंग) स्लोलॉगचा, म्हणजे हळू चाललेल्या पानांच्या नोंदीचा, पाथ द्या, रिक्वेस्ट_स्लोलॉग_टाइमआउट ५ सेकंद ठेवा, एफपीएम रीलोड करा, मग रिपोर्ट लावून खात्याचं पान उघडा. कुठल्या ओळीवर अडकलंय ते लॉगमध्ये लिहून येतं. आणि टेस्ट करताना तीच लिंक दोन टॅबमध्ये उघडू नका, क्रोम एकाच पत्त्याच्या दोन रिक्वेस्ट स्वतःच एकामागे एक सोडतो, त्यात फसायला होतं.

वेगवान_गडी
सेशन फाइलऐवजी रेडिसमध्ये (मेमरीतला डेटाबेस) टाका, लॉकची कटकटच संपते.

सांजवेळ
संपते, कारण पीएचपीच्या रेडिस एक्स्टेंशनमध्ये सेशन लॉकिंग डिफॉल्टने बंदच असतं. पण मग दोन रिक्वेस्ट एकाच वेळी सेशन वाचतात, दोन्ही आपापलं लिहितात आणि जी शेवटी संपेल तिचं टिकतं, दुसरीने लिहिलेलं गेलं. पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ही जोखीम घेणार नाही. लॉक चांगल्यासाठीच आहे, फक्त तो अडीच मिनिटं धरून बसायचं कारण नाही.

ठेवीदार
धागा वाचून विचारावंसं वाटलं, पतसंस्था बचत खात्यावर व्याज रोजच्या शिलकीवर देतात की महिन्यातल्या किमान शिलकीवर? बँकांना १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर द्यावं लागतं ना?

जुनाखोड
@ठेवीदार तो रिझर्व्ह बँकेचा नियम. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, तुमच्या संस्थेचे उपविधी आणि ठेव नियम मागून बघा. सभासद असाल तर हक्काने मागा.

कृष्णाकाठ
व्याजाचं कृपया वेगळ्या धाग्यात घ्या. @सांजवेळ स्लोलॉग लावला, खात्याच्या पानाची वरचीच ओळ सेशन_स्टार्ट आहे!! आता नक्की काय लिहू आणि कुठे?

सांजवेळ
रिपोर्टच्या फाइलमध्ये लॉगिन तपासून झालं, शाखा, युजर, आर्थिक वर्ष जे काही सेशनमधून हवंय ते व्हेरिएबलमध्ये घेतलं की लगेच सेशन_राइट_क्लोज(), म्हणजे सेशन सेव्ह होऊन लॉक सुटतो. मोठी क्वेरी त्याच्या खाली. जी पानं सेशन फक्त वाचतात तिथे सेशन_स्टार्टलाच रीड_अँड_क्लोज (वाचून लगेच बंद) ऑप्शन देता येतो, पीएचपी ७ पासून आहे. मात्र क्लोज केल्यावर सेशनमध्ये काही टाकलंत तर एरर येणार नाही आणि सेव्हही होणार नाही, हे ध्यानात ठेवा.

कृष्णाकाठ
झालं! रिपोर्ट चालू आणि शेजारच्या टॅबमध्ये पावत्या निघतायत. फक्त "रिपोर्ट तयार झाला" असा वर हिरवा मेसेज यायचा तो यायचा बंद झाला. शेवटी परत सेशन_स्टार्ट केलं तर हेडर आधीच गेलेत अशी वॉर्निंग.

सांजवेळ
बरोबर, रिपोर्टचं एचटीएमएल ब्राउझरकडे जायला लागलं की सेशन परत उघडता येत नाही. मेसेज सेशनमध्ये ठेवूच नका, डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल करा: कोणी मागवला, कधी, स्थिती काय, फाइल कुठे. एप्रिलमध्ये अपग्रेड कराल तेव्हा याच टेबलावर पुढचं काम करा. बटण दाबलं की फक्त नोंद पडेल, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) दर मिनिटाला नोंद उचलून कमांड लाइनवरून रिपोर्ट बनवेल. तिथे पीएचपीला डिफॉल्टने वेळेची मर्यादा नसते, मग एनजिनएक्सचा तो ३०० पण परत ६० करता येईल. आधीचं काम संपायच्या आत क्रॉनने तेच दुसऱ्यांदा उचलू नये म्हणून फ्लॉक (फाइलवरचा लॉक) लावा.

इंडेक्सवाला
तरी एक्सप्लेन टाकाच हो. क्रॉनमध्ये नेलं तरी क्वेरी तेवढाच वेळ खाणार.

कृष्णाकाठ
टेबल करतोय. @इंडेक्सवाला संध्याकाळी काउंटर बंद झाले की एक्सप्लेन टाकतो.