कोनन: पहिल्या सिनेमाला ‘रटाळ’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुनी_कॅसेट
काल इथे कोनन या तलवारबाज नायकाच्या सिनेमांची क्रमवारी आली. १९८४ चा ‘डिस्ट्रॉयर’ पहिला, २०११ चा दुसरा आणि १९८२ चा ‘बार्बेरियन’ तळाला. कारण काय, तर ‘रटाळ आहे, अर्धा वेळ कुणी बोलतच नाही’. वाचून राहवलं नाही.

अहो, न बोलणं हेच त्याचं बळ आहे! खलनायक थुल्सा डूम शिरस्त्राण काढतो आणि कोननच्या आईकडे नुसता बघत राहतो. तिची उगारलेली तलवार हळूहळू खाली येते. तो पाठ फिरवतो आणि त्याच वळणात वार करतो. आईचा हात सुटतो, पोरगं आपल्या रिकाम्या हाताकडे बघत उभं राहतं. संवाद एकही नाही, सगळा भार संगीतकार पोलेदूरिसच्या सुरांवर.

‘डिस्ट्रॉयर’मध्ये दिग्दर्शक मिलियस जाऊन फ्लायशर आला, पोरंसोरं बघू शकतील इतकं रक्त कमी केलं. तेही चाललं असतं. पण कोननच्या प्रेयसीचं, वलेरियाचं काय केलं? पहिल्या भागात तिच्या चितेपाशी कोननचा मित्र सुबोताय रडतो, कारण कोनन सिमेरियन जमातीचा, तो रडणार नाही, म्हणून त्याच्या वाटचं हा रडतो. पुढच्या भागात राणी तारामिस ‘तिला जिवंत करते’ असं आमिष दाखवून कोननला कामाला जुंपते. आणि सुबोतायचा पत्ताच नाही!

नाशिककर_पंखा
क्रमवारी माझी आहे आणि बदलणार नाही. ‘डिस्ट्रॉयर’मध्ये ग्रेस जोन्स आहे, बास्केटबॉलवाला विल्ट चेंबरलेन आहे, आरशांच्या खोलीतली ती मारामारी आहे. तलवार आणि जादू म्हणता, मग जादू दिसायला नको? माझा मुलगा हा पूर्ण बसून बघतो. १९८२ चा लावला तर गुलाम कोननचं ते चक्र ढकलणं सुरू झालं की उठून जातो. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो.

पिवळी_पानं
दोघांनीही कोननचा मूळ लेखक हॉवर्ड वाचलेला दिसत नाही. १९३२ साली ‘विअर्ड टेल्स’ मासिकात आलेला कोनन लहानपणी गुलाम नव्हता, त्याने कुणाचं चक्र ढकललं नाही. तो चोर, समुद्री चाचा, सरदार आणि शेवटी राजा. डोकेबाज आणि हजरजबाबी माणूस! मिलियस आणि त्याचा सहलेखक ऑलिव्हर स्टोन यांनी त्याचा मुका पहिलवान केला. २०११ मध्ये निदान रणांगणावरचा जन्म आहे, त्यातला कोनन, मोमोआ, वाघासारखा चपळ आहे.

जुनी_कॅसेट
जन्म पुस्तकातला, तेवढं घ्या. पण बापाचा सूड कुठल्या कथेत आहे? २०११ वाल्यांनी तो १९८२ वरूनच उचलला. म्हणजे शिव्या मिलियसला आणि उसनवारी माफ!

पिवळी_पानं
मी माफ केलेलं नाही. हॉवर्ड १९३६ मध्ये तिशीतच गेला, नंतर ज्याने त्याने आपापलं घुसडलं, हेच तर सांगतोय. माझ्या वडिलांनी रद्दीच्या दुकानातून आणलेली, मुखपृष्ठ फाटलेली प्रत मी आजही जपली आहे. कोनन मला तिथे भेटला, सिनेमातल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या दंडात नाही. आधी वाचा, मग भांडा.

रात्रपाळी
भांडण चालू द्या, पण ‘रटाळ’ म्हणणाऱ्यांनी नक्की काय बघितलं? आमच्याकडे केबलवर लागायचा तो डब केलेला. शांत प्रसंगांवर कुणीतरी निवेदन चढवलेलं, कोरस जवळजवळ पुसलेला, वर मनमानी काटछाट. मूळ सिनेमा नीट आवाजात बघितला तेव्हा अंगावर काटा आला. असं डबिंग करणाऱ्यांचा मला अजून राग आहे.

नाशिककर_पंखा
मी डब केलेलाच बघितला होता, ठीक आहे. संगीत थोर आहे हेही ठीक. म्हणून ‘डिस्ट्रॉयर’ खाली जात नाही. त्यालाही पोलेदूरिसच आहे, हे कुणी बोलत का नाही? आणि १९८५ ची ‘रेड सोन्या’ मोजायची की नाही? आर्नोल्ड आहे, दिग्दर्शक फ्लायशरच.

पिवळी_पानं
नाही! त्यात तो कोनन नाही, कालिडोर आहे. हॉवर्डची सोन्या सोळाव्या शतकातल्या कथेतली, हातात पिस्तुलं घेणारी. कोननच्या जगात तिला कॉमिक्स-लेखक रॉय थॉमसने १९७३ मध्ये कॉमिक्समधून आणलं.

जुनी_कॅसेट
मग ‘डिस्ट्रॉयर’ची कथाही रॉय थॉमस आणि गेरी कॉनवे यांचीच. तोही यादीतून काढा, मला चालेल.