वर्णभेदावरचा एक सिनेमा सुचवा (नववीच्या वर्गासाठी)

राजारामपुरी_मास्तर: नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या इतिहासावरचा एक सिनेमा मुलांना दाखवायचाय. गोष्ट त्यांना वाचून कळेल, मला कॅमेरा अन्याय कसा दाखवतो ते शिकवायचंय. दोन तासांच्या आत, मारहाण कमी, खर्च दोन हजारांपर्यंत. वर्गाचे पडदे पातळ आहेत, उजेड येतो.

सिनेवेडा: डोळे झाकून '१२ इयर्स अ स्लेव्ह' (२०१३). पळवून गुलाम केलेला सॉलोमन फासाला लटकतोय, पायाची बोटं चिखलाला जेमतेम टेकलीत, कॅमेरा कितीतरी वेळ हलत नाही. मागं बाकीचे गुलाम मुकाट कामाला लागतात, पोरं खेळतात. त्या मागच्या माणसांकडं बघा, तिथं खरी भीती आहे. आणि प्रोजेक्टर चांगला घ्या सर. माझा साठ हजारांचा आहे, भर दुपारी लख्ख दिसतं.

मंगळवारपेठकर: अहो, सर दोन हजार म्हणतायत! आणि तो सव्वादोन तासांचा, नववीला कसा दाखवायचा? 'हिडन फिगर्स' (२०१६) दाखवा. नासाच्या खोलीत सगळे पांढरे शर्ट आणि मधे काळ्या गणितज्ञ कॅथरीनचा रंगीत पोशाख. काळ्यांच्या वेगळ्या बाथरूमसाठी फायली छातीशी धरून उंच टाचांत अख्खं आवार पळत ओलांडते. मुलींना वेगळं सांगावं लागणार नाही.

जुना_प्रेक्षक: तोही दोन तासांच्या वरच. शिवाय गोरा साहेब काळ्यांच्या बाथरूमची पाटी फोडतो ते घडलेलंच नाही. खऱ्या कॅथरीन जॉन्सन गोऱ्यांचंच बाथरूम वापरायच्या, हाल झाले त्यांच्या सहकारी मेरी जॅक्सन यांचे. सिनेमानं मोठेपणा साहेबाला दिला, मला ते अजून खटकतं.

तांबडा_पांढरा: अमेरिका कशाला? 'फँड्री' लावा की! डुक्कर खांद्यावर टांगून नेतात आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. संवादाची गरजच नाही. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज चहाला जायचे ते कोल्हापूर हे. इथल्या पोरांना आधी इथलं दाखवा.

मंगळवारपेठकर: दादा, 'फँड्री' थोरच. पण सरांनी विचारलंय काय?

स्टुडिओवाला: फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्या 'शर्ली' या नमुना कार्डावर गोरी बाई असायची, तिच्या कातडीवर रंग जुळवायचे. म्हणून जुन्या फोटोंत काळे चेहरे काजळी फासल्यागत दिसतात. 'सेल्मा' (२०१४) बघा. कॅमेरामन ब्रॅडफर्ड यंगनं कमी उजेडातही प्रत्येक चेहरा जिवंत ठेवलाय. चर्चच्या जिन्यात मुली केसांच्या गप्पा मारत उतरतात आणि स्फोट होतो. पण पातळ पडद्यांत ते चेहरे जातील. मांडववाल्याकडनं काळं कापड भाड्यानं आणा, दोन हजारांत भागेल.

सिनेवेडा: परत सांगतो, '१२ इयर्स'च. कापडानं काय होतंय?

राजारामपुरी_मास्तर: सगळ्यांचे आभार. कापड आणतोय. सिनेमा मात्र 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२), तोही फक्त कोर्टाचा भाग. कृष्णधवल आहे, उजेडातही चालेल. गोरे खाली, काळे वर गॅलरीत. शेवटी खालचं दालन रिकामं होतं, तरी वरचे हलत नाहीत. वकील निघताना सगळे उभे राहतात. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवणार आहे.

जुना_प्रेक्षक: पण तिथंही मान गोऱ्या वकिलालाच!

राजारामपुरी_मास्तर: बरोबर आहे. म्हणून दुसऱ्यांदा लावताना मुलांना सांगेन, वकिलाकडं बघू नका, काळा आरोपी टॉम रॉबिन्सन कुठं बसलाय आणि कॅमेरा त्याच्याकडं किती वेळा वळतो तेवढं वहीत मांडा.