डोळ्याच्या पडद्याची पेशी न् पेशी दिसेल असा फोटो काढायला बोलावलंय. जाऊ का?

चष्मिष
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, पडद्याच्या पेशी हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार) आहे हे सहा वर्षांपूर्वी कळलं. समोरचं छान दिसतं, वाचन चालू आहे, पण अंधार पडला की दाराच्या चौकटी अंगावर येतात. दरवर्षी ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी) होतं, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी) होते. यंदाच्या रिपोर्टवर 'लक्षणीय बदल नाही' असं लिहिलंय. मला मात्र उजवीकडचं गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसतंय, अगदी खात्रीने. आता मशीन खरं की मी?

डॉक्टरांनी एक संशोधन गट सुचवला. तिथे अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स वापरून जिवंत डोळ्यातल्या सुट्या सुट्या शंकू पेशींचा (उजेडात बारकावे आणि रंग टिपणाऱ्या पेशी) फोटो काढतात म्हणे. उपचार वगैरे काही नाही, फक्त फोटो. जावं का? जायचं तर तयारी काय करायची, आणि मुख्य म्हणजे त्यांना काय विचारायचं? माहितीपत्रक वाचलं, पण दुसऱ्या परिच्छेदानंतर सगळं डोक्यावरून गेलं. कोणी करून घेतलं असेल तर नक्की लिहा.

आकाशदिवा
मी डोळ्यांचा नव्हे, दुर्बिणींचा माणूस. पण हे तंत्र आमच्याकडूनच तिकडे गेलंय म्हणून मधे तोंड घालतो.

तारा लुकलुकतो तो हवेमुळे. हवेने वेडावाकडा केलेला प्रकाश आरशालाच उलट वाकवून पुन्हा सरळ करावा, ही कल्पना होरेस बॅबकॉकने १९५३ मध्ये मांडली. तुमच्या प्रकरणात हवेच्या जागी डोळ्याचाच पुढचा भाग आहे. अश्रूंचा थर, पारपटल, नेत्रभिंग, प्रत्येकाचा आपापला वाकडेपणा. चष्म्याचा नंबर आणि सिलिंडर घालवला तरी कोमा (ठिपक्याला शेपूट फुटल्यासारखं दिसणं) वगैरे बारीक दोष उरतातच, आणि ते दर डोळ्यागणिक वेगळे.

मग बाहुली बारीक असतानाच फोटो काढावा, दोष झाकले जातील, असं वाटेल. झाकले जातात, पण विवर्तन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) आडवं येतं. कागदावर हिशोब करून पाहिला. ३ मिमी बाहुलीतून हिरव्या प्रकाशात पडद्यावरचे दोन ठिपके सुटे दिसायचे तर त्यांच्यात जवळपास ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर हवं. बाहुली ६ मिमी केली तर २ मायक्रॉनही पुरे. नजरेच्या ऐन मध्यावरच्या शंकू पेशी एकमेकींपासून २-३ मायक्रॉनवर बसलेल्या असतात. म्हणजे बाहुली मोठी हवीच, आणि मोठी केली की दोष बोकाळतात. आरसा लागतो तो इथे.

यंत्र आधी पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका टाकतं, आमच्या भाषेत कृत्रिम तारा. तिथून परत येणारा प्रकाश चिमुकल्या भिंगांच्या जाळीतून कॅमेऱ्यावर पडतो. डोळा निर्दोष असता तर चौकटीच्या वहीत प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक ठिपका आला असता. प्रत्यक्षात कुठला डावीकडे सरकतो, कुठला वर. कोण किती सरकलं यावरून आरसा कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा ते ठरतं. रॉचेस्टर विद्यापीठात लिआंग, विल्यम्स आणि मिलर यांनी १९९७ मध्ये अशा रीतीने जिवंत माणसाच्या शंकू पेशी टिपल्या. त्यांच्या आरशाला मागून ढकलणाऱ्या खुंट्या होत्या फक्त ३७.

अवांतर: हवा सेकंदात शेकडो वेळा कूस बदलते, डोळा त्या मानाने संथ. तुमच्या यंत्रवाल्यांचा हेवा वाटतो.

भिंगरी
आकाशदिवा, छान लिहिलंत. मी अशाच एका यंत्रावर काम करते, तर उरलेलं मी सांगते.

चष्मिष, 'मशीन खरं की मी' याचं उत्तर: दोघंही. नेहमीचं ओसीटी खोलीच्या दिशेने फार तीक्ष्ण असतं, ५ मायक्रॉनच्या आसपास, कारण ती तीक्ष्णता वापरलेल्या प्रकाशाचा पट्टा किती रुंद आहे यावर ठरते, बाहुलीवर नाही. आडव्या दिशेला मात्र गाडी १५-२० मायक्रॉनवर अडते. मध्यभागी तेवढ्या जागेत डझनावारी शंकू पेशी मावतात. त्यातल्या काही गळाल्या तरी ओसीटीवर या पेशींच्या थराची जी उजळ रेघ दिसते (तिला ईझेड म्हणतात) ती अखंड दिसू शकते. शिवाय आरपीत बदल होतो तो निरोगी भागाच्या काठावर. तेव्हा डॉक्टरांना एवढं विचारा की ईझेड रेघेची लांबी दरवर्षी मोजली आहे का. नुसतं 'बदल नाही' हे वाक्य आणि मोजलेला आकडा, यांत फरक आहे. त्यासाठी नव्या यंत्राची गरजसुद्धा नाही, जुनी स्कॅन्स उघडली की झालं.

आता जावं का? माझं मत, जावं. पण एका फोटोसाठी जाऊ नका. आज काढलेला फोटो तुम्हाला आज काहीच सांगणार नाही. मध्यावर शंकू पेशींची दाटी दर चौरस मिमीला सरासरी २ लाखांच्या घरात असते, पण निरोगी माणसांतच ती १ लाखापासून ३ लाखांच्या वरपर्यंत सापडते. तुमचा आकडा दीड लाख आला तर तो घटलेला की जन्मापासून तेवढाच, कसं कळणार? खरी किंमत आहे ती तीच जागा, त्याच पेशी, काही महिन्यांनी पुन्हा टिपण्यात. म्हणून पहिला प्रश्न हाच: परत कधी बोलावणार, आणि नेमक्या त्याच जागा काढणार का? 'बघू' असं उत्तर आलं तर तुमचा उपयोग त्यांना आहे, त्यांचा तुम्हाला नाही. त्यातही वाईट काही नाही, पण माहीत असू द्या.

दुसरं, डोळ्याची लांबी मोजणार का ते विचारा. एका वेळी एक-दोन अंशांचाच तुकडा टिपला जातो आणि अंशांचे मायक्रॉन करताना लांबी लागते. साधारण डोळ्यात १ अंश म्हणजे सुमारे ०.३ मिमी. पण २४ ऐवजी २६ मिमीचा डोळा असेल आणि तो २४ चाच धरला, तर पेशींची दाटी १७ टक्क्यांनी चुकते. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी (त्यांचा डोळा बहुधा लांब असतो) तर हे विचारायलाच हवं.

तयारी सोपी आहे. काँटॅक्ट लेन्स आणि काजळ-मस्कारा त्या दिवशी नको. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतील, त्यानंतर काही तास जवळचं धूसर आणि उजेड बोचरा, तेव्हा परत न्यायला कोणीतरी हवं. पूर्वी कोणी 'अँगल अरुंद आहे' (डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट चिंचोळी आहे) असं सांगितलं असेल तर थेंबांआधीच बोला. आरपीत मोतीबिंदू लवकर येतो आणि मध्यभागी पाणी साचू शकतं, दोन्हींमुळे फोटो मातीमोल होतो. अलीकडचा ओसीटी रिपोर्ट आधी पाठवून द्या, म्हणजे हेलपाटा वाचेल.

आणि पापणी मिटत राहा. लोकांना वाटतं डोळा टक्क उघडा ठेवणं म्हणजे सहकार्य. अश्रूंचा थर फाटला की मी स्क्रीनवर बघत असतानाच पेशी विरघळल्यासारख्या नाहीशा होतात. दोनदा मिटा, पुन्हा हजर.

खडूस काका
सगळं खरं, पण एक कडू बोलतो. जनुक चाचणी केली आहे का? नसेल तर ती आधी. आरपी हे एका आजाराचं नाव नाही, अनेक जनुकांच्या बिघाडांना दिलेलं एक आडनाव आहे. आरपीई६५ जनुकातल्या बिघाडावरच्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्येच मान्यता मिळाली. फोटो कितीही सुरेख आला तरी तुम्ही कुठल्या घरच्या ते फोटो सांगत नाही.

बाकी फोटो काढायला जा, हौस म्हणून. हौसेला मोल नसतं.

गिनीपिग क्र. ७
मी निरोगी स्वयंसेवक म्हणून दोनदा जाऊन आलोय. आतलं सांगतो.

पहिल्या दिवशी फोटोआधी दात! दंतवैद्याकडे असते तसली मऊ लगदी एका पट्टीवर लावून चावायला देतात. ती घट्ट झाली की तुमच्या दातांचा साचा तयार, आणि मग तो साचा चावून पूर्ण वेळ बसायचं म्हणजे डोकं हलत नाही. बोलता येत नाही, त्यामुळे 'हो' साठी अंगठा, 'थांबा' साठी तळवा असं आधीच ठरवून घ्या. मी ठरवलं नव्हतं. लाळ गळत होती आणि मी गुं-गुं करत होतो. काही ठिकाणी हनुवटी टेकवायची साधी पट्टी असते, ते नशीबवान.

एका बारीक खुणेकडे बघत राहायचं, ती खूण थोडी थोडी सरकवतात आणि प्रत्येक जागी काही सेकंदांचा व्हिडिओ घेतात. स्थिर बघतोय असं आपल्याला वाटतं, पण नंतर व्हिडिओ दाखवला तेव्हा माझा डोळा वेड्यासारखा थरथरत होता. ते सॉफ्टवेअरने पट्टी-पट्टी जुळवून सरळ करतात. अर्धा दिवस मोकळा ठेवा, मान आखडते.

एक तक्रार. पहिल्या ठिकाणी निघताना हातात एक छापील कागद दिला, त्यावर चार काळे-पांढरे चौकोन. मूळ फाइल मागितली तर म्हणाले, संमतीपत्रात तसं कुठे लिहिलंय? खरंच नव्हतं. सही करण्याआधी वाचा, आपला डेटा आपल्याला कुठल्या रूपात मिळेल ते त्यात येऊ द्या.

आकाशदिवा
गिनीपिग, दातांचा साचा! आमचे तारे तरी लाळ गाळत नाहीत.

अवांतर क्र. २: १९९९ मध्ये रूर्डा आणि विल्यम्स यांनी याच तंत्राने दोन माणसांच्या लाल, हिरव्या, निळ्या शंकू पेशी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. एकाच्या डोळ्यात एका हिरव्या पेशीमागे लाल १.१५, दुसऱ्याच्या ३.७९. दोघांनाही रंग अगदी नीट दिसत होते! मेंदू कुठून काय भरून काढतो, कोण जाणे. आणि २०२५ मध्ये बर्कलीच्या गटाने पाच जणांच्या फक्त हिरव्या पेशींवर नेम धरून प्रकाश टाकला, तर त्यांना कधीच न पाहिलेला एक निळसर हिरवा रंग दिसला. त्याला त्यांनी 'ओलो' म्हटलं. धाग्याशी संबंध नाही, पण राहवलं नाही.

चष्मिष
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार. जाऊन आले!

दात चावावे लागले. अंगठा-तळवा ठरवून गेले होते, तिथल्या मुलीला हसू आवरेना. पापणीचं अगदी भिंगरी म्हणाल्या तसंच, मिटायचा धीर झाला तेव्हा कुठे चित्र येऊ लागलं. मध्यभागाचा फोटो म्हणजे काळ्या पाटीवर खडूची भुकटी उडावी तसे हजारो उजळ ठिपके. त्यातला एकेक ठिपका म्हणजे माझी एकेक पेशी! एका केशवाहिनीतून काहीतरी अडखळत सरकत गेलं. ती म्हणाली, पांढरी रक्तपेशी. मी दातांत साचा धरून रडले, त्यामुळे पुढचा व्हिडिओ वाया.

पण उजव्या डोळ्यात मध्यापासून थोडं बाजूला, ज्या बाजूचं कमी दिसतंय असं मला वाटतं त्या जागेत, भुकटी नाहीये. काळे डाग आहेत, उंदराने कुरतडल्यासारखे. ती काही बोलली नाही, अर्थ सांगणं तिच्या कामात बसत नाही म्हणे. तेव्हापासून झोप उडालीये. तिथल्या पेशी मेल्या, असंच ना?

भिंगरी
थांबा, एवढ्यात नको. काळं दिसलं म्हणजे मेलं, असं नाही.

शंकू पेशी प्रकाश वाहून नेणाऱ्या नळीसारखी असते. या फोटोत उजळ दिसतो तो तिच्या बाह्य खंडाच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) टोकांवरून सरळ परत आलेला प्रकाश. बाह्य खंड आखूड झाला, बिघडला किंवा नळी थोडी तिरकी झाली तरी प्रकाश परत येत नाही आणि जागा काळी दिसते, पेशीचा बाकीचा देह तिथे उभा असला तरी. निरोगी डोळ्यातल्या पेशीसुद्धा काही तासांत, काही दिवसांत आपोआप मंद-तेज होतात. आज काळी, पुढच्या खेपेला उजळ, हे मी स्वतः पाहिलंय.

यावर उपाय आहे, स्प्लिट डिटेक्शन. सरळ परत आलेला प्रकाश सोडून द्यायचा, बाजूला विखुरलेला पकडायचा आणि डाव्या-उजव्या भागांची वजाबाकी करायची. त्यात पेशीचा अंतःखंड (बाह्य खंडाला लागून असलेला भाग) फुगवट्यासारखा दिसतो, जणू पांघरुणाखाली गोट्या ठेवल्यात. जन्मतः रंग न दिसणाऱ्या काही लोकांच्या नेहमीच्या फोटोत जिथे काळी भोकं होती, तिथेच या पद्धतीने अंतःखंड सापडले. बहुतेक यंत्रं दोन्ही चित्रं एकाच वेळी घेतात, फक्त दाखवताना पहिलंच दाखवतात. त्यांना मेल टाका: त्याच जागांची स्प्लिट डिटेक्शन चित्रं हवीत, आणि त्याच जागेवरची ओसीटी रेघ शेजारी ठेवून हवी. रेघ शाबूत आणि फुगवटे दिसले, तर पेशी आजारी आहे पण आहे. दोन्हीही नसतील, तर तुमची उजवी बाजू खरं बोलत होती.

खोटा धीर देत नाहीये. आरपीत पेशी जातातच. पण त्या काळ्या डागांत कोण आहे आणि कोण नाही, हे त्या एका चित्रावरून मलाही सांगता येणार नाही, तर मध्यरात्री तुम्हाला कुठून येणार?

चष्मिष
मेल टाकला होता, आज उत्तर आलं. दोन्ही प्रकारची चित्रं मूळ फाइलमध्ये देतो म्हणाले (संमतीपत्रात लिहून घेतलं होतं, गिनीपिग, तुमची कृपा). पुढची तारीख आठ महिन्यांनी, त्याच १२ जागा, डोळ्याची लांबीही मोजून ठेवलीये. ईझेड रेघेबद्दल डॉक्टरांना विचारलं तर जुनी सगळी वर्षं उघडून मोजायला बसलेत.

खडूस काका
आणि जनुक चाचणी?

चष्मिष
नमुना दिलाय, काका. निकाल आला की आधी इथेच सांगते.